वरण गळालं त्याची खरी हकीकत

घराला नवा रंग द्यायचा म्हणून सूनबाईंनी दारावरची पाटी काढायला सांगितली. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका. पण ती पाटी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझं मन धजेना. हातभर लांब, वीतभर रुंद असा ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यावर धातूच्याच उंच अक्षरांत माझ्या वडिलांचं नाव, आणि नावाखाली एका ओळीत धातूचे टपोरे ठिपके. येणारेजाणारे इतकी वर्षं त्या ठिपक्यांचं कौतुक करत आले आहेत. मी दर वेळी 'हो, मीच केली' म्हणायचो आणि चहाचं विचारायचो. ही पाटी निम्मी चोरीची आहे आणि तिच्यापायी एका भल्या माणसाला मरेपर्यंत एक टोपणनाव वागवावं लागलं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. ती गेली तेव्हा तिची अशी समजूत होती की नवऱ्याने तिच्यापासून काही लपवलं असेल तर ती फक्त विडी.

आम्ही तेव्हा जळगाव जामोदला राहत होतो. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो आणि तिसऱ्यांदा आपटायची माझी तयारी नव्हती. बाबा कचेरीत शिपाई. साहेबलोकांच्या दारावरच्या पाट्या रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या, हे त्यांचं पहिलं काम. साहेब बदलत, पाट्या बदलत, फडकं मात्र तेच राही. आमच्या घरावर बाबांनी स्वतःचं नाव गेरूने लिहून घेतलं होतं, आणि दर पावसाळ्यात ते धुऊन जाई. आधी आडनाव जायचं, मग आजोबा, आणि श्रावणात बघावं तर भिंतीवर नुसता 'पांडु' उरलेला. माय हसली की बाबा दोन दिवस तिच्याशी बोलत नसत, आणि तिसऱ्या दिवशी चहा मागण्यापुरतं बोलत.

गल्लीच्या तोंडाशी सत्तार मिस्त्रींचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मूळचे ते रोहिणखेडचे. मुंबईला गोदीत बरीच वर्षं काम करून परत आले ते एक जुनं मशीन घेऊनच. जर्मन जोडायचं मशीन. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणत, त्यामुळे गल्लीत बरेच दिवस असा समज होता की चाचा दोन जर्मन माणसं जोडणार आहेत. मशीनसोबत आर्गन वायूची उंच टाकी होती. ठिणगी पेटली की तिच्याभोवती त्या वायूचा पडदा राहायचा, म्हणजे वितळलेल्या धातूला बाहेरची हवा लागत नसे. हे समजावून सांगताना चाचांनी एकदा 'टाकीत हवा आहे' असं म्हटलं, आणि तिथून घोळ झाला. हवा अकोल्याहून ट्रकने आणावी लागते, याचं लोकांना फार नवल वाटे. शेजारचे किराणावाले तर एकदा गंभीरपणे विचारून गेले, "मिस्त्री, आपल्या जळगावच्या हवेत काय खराबी आहे?"

मशीन सुरू झालं की भल्या मोठ्या भुंग्यासारखा घूं आवाज यायचा आणि गल्लीतल्या तिन्ही रेडिओंत एकदम खरखर सुरू व्हायची. बाजारभाव चालू असताना खरखर झाली की पुरुष बाहेर येत, गाणी चालू असताना झाली की बायका. चाचा कानाला हात लावून मशीन बंद करत, लाकडी स्टुलावर बसून राहत, आणि गाणं संपलं की परत सुरू करत. त्यामुळे तेव्हाची बरीचशी गाणी मला पूर्ण पाठ आहेत. आमच्या कामाच्या सुट्ट्याच त्या.

मी चाचांकडे जायला लागलो तेव्हा बाबांना ते आवडलं नव्हतं. त्यांच्या मते ज्या कामाला खुर्ची नाही ते कामच नव्हे. पण मला त्या कामाची ओढ लागली. काळ्या काचेतून पाहावं तर पांढुरका, मळकट पत्रा हळूहळू चमकू लागतो आणि अचानक एका ठिकाणी पाऱ्यासारखं तळं होतं. चाचा त्याला पाणी म्हणायचे. एका हातात ठिणगीची मूठ, दुसऱ्या हातात भरायची काडी. ही काडीही जर्मनचीच. तिचं टोक त्या तळ्याच्या पुढच्या कडेला टेकवायचं, एक थेंब द्यायचा, मागे घ्यायचं, पुढे सरकायचं, पुन्हा थेंब. सगळं कसब त्या टेकवण्यात होतं. काडी लवकर टेकवली तर ती वितळत नाही, नुसती चिकटते. ठिणगीतच घातली तर तिच्या टोकाला बोंडासारखा गोळा होऊन भलतीकडे पडतो. फार मागे नेली तर ती हवेच्या पडद्याबाहेर जाते आणि तिचं तोंड काळं पडतं. आणि ठिणगी जिच्या टोकातून निघते त्या मधल्या सुईला लागली, तर चाचा कपाळाला हात लावून म्हणत, "बाटवली का बे सुई? काढ आता, घासून आण."

मी आठवडाभर रोज सुया बाटवत होतो. शेवटी चाचांनी विचारलं, "तुह्या घरी मुंगवड्या घालून राह्यले न सध्या?" मी हो म्हणालो. "मग दोन दिवस दुकानात येऊ नको. मायजवळ बस. वड्या घाल."

मला वाटलं त्यांनी मला काढून टाकलं. पण गेलो. माय खाटेवर धुतलेलं धोतर पसरून बसली होती, शेजारी वाटलेल्या मुगाचं पातेलं. ती चिमूट घ्यायची, धोतराला टेकवायची, बोटं झटकन वर, पुढे, पुन्हा टेकवायची. एका ओळीत, एका मापाच्या, जणू कुणी दोरी धरली होती. माझ्या वड्या कुठे सुपारी तर कुठे शेणाची गोवरी. "हात थांबवून राह्यला तू," माय म्हणाली, "इचार करून राह्यला. वडीले इचार चालत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी एक ओळ सरळ झाली. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि पत्र्यावर पहिल्यांदा नीट टाका घातला: थेंबावर थेंब, माशाच्या खवल्यांसारखा. चाचांनी त्यावरून अंगठा फिरवला. काम पारखायची त्यांची तीच रीत होती. डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास जास्त.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, टाका शेवटाला आला की तिथे खड्डा पडतो. ठिणगी उचलण्याआधी त्या खड्ड्यात दोन थेंब जास्त द्यायचे. नाही दिले तर धातू आवळताना तिथेच तडकतो, आणि तो तडा आधी दिसत नाही. दुसरा, टाक्यावर कधी पॉलिश कागद घासायचा नाही. "टाका उघडा पाह्यजे," ते म्हणत. "जो घासून लपवला, त्याच्यात काही तरी आहे असं समज."

त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं, शकुताईचं, लग्न ठरलं. मुलगा जानेफळचा. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. गल्लीत पातेल्यासारखा एक मोठा गंज होता, जर्मनचा. एवढा मोठा की तो घासायला बायका आत उतरत. सगळ्यांच्या लग्नकार्याचं वरण त्यातच शिजायचं. तो मागच्या एका लग्नात बैलगाडीवरून पडला होता आणि बुडाच्या कडेला हातभर चिरला होता. चाचांनी चीर साफ केली, तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळणार नाही. नेमकं त्याच दिवशी त्यांना रोहिणखेडला बहिणीकडे जावं लागलं. काड्या मुंबईहून यायच्या होत्या. दुकानात दोनच शिल्लक होत्या. त्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. "एवढं काम तू कर. दोन काड्या पुरतात. शेवटी तुकडा उरंन, तो वाचवू नको, खड्ड्यात घाल."

चाचांनी माझ्यावर एकट्यावर सोपवलेलं ते पहिलं काम. मी अर्थातच दुसरंच काम आधी काढलं. लग्नाला जानेफळचे पाहुणे येणार, कचेरीतले साहेब येणार, आणि दारावर 'पांडु'. मी सवडीने एक पत्रा कापून ठेवला होता आणि त्यावर खडूने बाबांचं नाव लिहिलं होतं. विचार असा की हात गरम करायला अर्ध्या काडीत नाव लिहावं, मग गंजाला बसावं. नावातच एक काडी पूर्ण गेली. आडनावाला वळणं फार आहेत आमच्या. तरी इथे थांबलो असतो तर निभलं असतं. पण लांबून पाहिलं तर पाटी उघडी उघडी वाटली. साहेबांच्या पाटीला खाली नक्षी असते, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून नावाखाली एक थेंब दिला. तो इतका सुरेख बसला की त्याच्या शेजारी दुसरा दिला. मग मायच्या मुंगवड्यांसारखी ओळ चालू लागली, आणि खरं सांगतो, पुढे आयुष्यभर हे काम करूनही त्या दुपारइतका माझा हात कधी चालला नाही. भानावर आलो तेव्हा दुसऱ्या काडीचं अर्धुक राहिलं होतं.

त्या अर्ध्या काडीत मी गंज जोडला. थेंब चोरून, अंतर देऊन, गरिबाघरचं तूप वाढावं तसं. टाका शेवटाला आला तेव्हा माझ्या चिमटीत काडी नव्हतीच, ऊब होती. ठिणगी उचलली. तिथे बेंबीसारखा खड्डा राहिला. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, तोही माझ्याकडे पाहत होता. मग मी पॉलिश कागद घेतला आणि तो भाग घासून गुळगुळीत केला. गंजात पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळाला नाही. थंड पाणी ते. त्याला काय कळतं. मी स्वतःला सांगितलं, चाचा जरा जास्तच काळजी करतात.

पाटी दारावर लागली. माय म्हणाली, "माह्या मुंगवड्याच केल्या की रे."  संध्याकाळी कचेरीतून आल्यावर बाबांनी खिशातून ते ओलं फडकं काढलं आणि स्वतःची पाटी पुसली. मी आतून पाहत होतो. त्यानंतर गंजाचं खरं काय ते सांगणं मला अशक्य झालं.

लग्नाच्या दिवशी गंज चुलाणावर चढला. वरणाला उकळी आली तसा खालून चर्र आवाज येऊ लागला. आचाऱ्याने सरपण ओलं आहे म्हणून सरपण आणणाऱ्या माझ्या मामाला झापलं. मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला. आचाऱ्याने जाळ वाढवला, तसा चर्र आवाज वाढला, आणि थोड्या वेळाने चुलाणाचा एक कोपरा विझला. कुणीतरी वाकून पाहिलं आणि ओरडलं, गंज गळून राह्यला. मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. बादल्या, घागरी, कळश्या, कुणाच्या न्हाणीतला बंबसुद्धा आला. बाहेर रुसलेल्या मामाला समजावायला गेलेली माणसं परत बोलावली गेली, आणि मामाला कुणी समजावतच नाही हे पाहून तो आपणहून आत आला. मायने बट्टीच्या कणकेचा गोळा घेऊन हात भाजत त्या भोकावर थापला. कणीक जाळावर फुगली, भाजली, आणि गळती थांबली. गंजाला बाहेरून एक खमंग बट्टी लागली होती. अर्धी पंगत बसेपर्यंत ती टिकली. मग ती पूर्ण भाजून टपकन निखाऱ्यात पडली आणि मागून वरणाची धार लागली.

जे वाचलं त्यात पाणी घातलं गेलं. मानाची पंगत जानेफळकरांची. नवरदेवाचे मामा, जाडजूड, ट्रकात उभ्याने प्रवास करून आलेले. त्यांनी बट्टी कुस्करली, वरण ओतलं, आणि वरण बट्टीला न शिवता पत्रावळीच्या पलीकडे निघून गेलं. मामांनी हात आखडला. "वरण हाय का हात धुवायचं पाणी हाय?" ते म्हणाले, आणि पाटावरून उठले. ते उठले म्हणून शेजारचे दोघे उठले.  आत शकुताई बसली होती, हळद लावलेली, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

 बाबांना नवरदेवाच्या मामांवर रागावता येत नव्हतं, म्हणून ते चाचांकडे वळले; गंज चाचांनीच जोडला असं ते धरून होते. रोहिणखेडहून आदल्या रात्रीच परतलेले चाचा पाहुण्यांना पाणी वाढत होते, हातात तांब्या धरून. "सत्तारभाऊ," बाबा म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात हेच दिवस दाखवाचे होते का?"

चाचांनी तांब्या खाली ठेवला. रिकामा गंज कलंडून पडला होता. ते त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि टाक्यावरून अंगठा फिरवत गेले. शेवटी आल्यावर अंगठा थांबला. तिथे खवले नव्हते, गुळगुळीत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आपण कुणाला जेवायला थांबतो तसे ते थांबले होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या मागे पाटी होती, समोर बाबा होते, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती, लवकर टेकवलेल्या काडीसारखी.

चाचा उठले, मामांपुढे गेले आणि हात जोडले. "पाहुणे, पोरीच्या बापाची काही चूक नाही. गंज माह्या दुकानात जोडला. माहाच हात हलला."

मामांना कुणीतरी हवंच होतं, ते मिळालं. ते हसले. "म्हंजी वरण शिजलं आमच्यासाठी आन पेलं तुमच्या चुलीनं! लई मोठे वरणवाले मिस्त्री की तुमी." सगळे हसले. सुटका झाल्यासारखे हसले. मामा पाटावर बसले, त्यांना गूळ-तूप वाढलं गेलं, आणि त्यांनी बट्ट्यांचा असा फडशा पाडला की आचाऱ्याने पुन्हा कणीक भिजवली. जाताना म्हणाले की वरणापेक्षा हेच बरं होतं. लग्न नीट लागलं. शकुताई पुढे त्या घरात सुखाने नांदली, आणि आजही फोनवर वरणाची आठवण काढून हसते. मीही हसतो.

काड्या आल्यावर चाचांनी गंज पुन्हा दुकानात मागवला.  नवी काडी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "भर." मी खड्डा भरला. दोन थेंब जास्त दिले. मग आम्ही दोघं गंज उचलून आमच्या घरापर्यंत आणला. दारात चाचा थबकले. पाटी त्यांनी मांडवाच्या गर्दीत पाहिली नसावी. त्यांनी हात वर केला आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश.  बाबा बाहेर आले, आणि इतके दिवस मनात साचलेलं बोलले, "पोरानं केली. पाह्य सत्तारभाऊ, हात तुह्यापेक्षा बरा आहे त्याचा."

"हाव," चाचा म्हणाले. "बरा आहे."

बाबा आत गेल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या येळी मले माग, वास्या. बापाच्या पाटीसाठी काडी देली असती मी."

पुढे त्यांचं नाव वरणवाले चाचाच झालं. पोरं दुकानासमोरून जाताना ओरडत, "चाचा, वरण उतरलं का?" बायका भांडं जोडायला टाकताना म्हणत, आमचं पाण्याचं आहे हो, वरणाचं नाही, म्हणजे चालंन. चाचा हसत. त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. मी मात्र वर्षभरात अकोल्याला नोकरी धरली आणि चढत चढत तपासनीस झालो. पुढे पाटीही माझ्या तिकडच्या घराच्या दारावर आली. दुसऱ्यांनी घातलेल्या टाक्यांचे शेवट तपासायचे, खड्डा भरला नसेल तर काम परत पाठवायचं, हा माझा हुद्दा. या बाबतीत मी फार कडक म्हणून ओळखला जायचो. कितीतरी वेल्डर मला मनातल्या मनात शिव्या देत असतील. द्यायलाच हव्या होत्या. चाचा गेले तेव्हा मी जळगावला आलो. बसस्टँडवर एकाने विचारलं, कोण गेलं? दुसरा म्हणाला, वरणवाले. ओळखायला एवढं पुरलं.

तर परवा पाटी पिशवीत घालून मी जळगावला गेलो. चाचांचा मुलगा रशीद आता साठीपलीकडचा आहे. दुकान तिथेच, पण मोठं झालं आहे. खिडक्या, जाळ्या, सगळं बनतं. वर नवा बोर्ड होता आणि त्यावर चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'वरणवाले वेल्डिंग वर्क्स'. मी तिथेच उन्हात उभा राहिलो. मग आत जाऊन, पाणी न घेता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पाटी काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हणालो, हे ठिपके तुझ्या बापाचे आहेत.

रशीदने ऐकून घेतलं. पाटी उचलली आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. बापासारखाच. "काका," तो म्हणाला, "आता बोर्ड बदलू म्हणता काय? खामगावपासून गिऱ्हाईक याच नावानं येते. नातवानं मोबाईलमंधीही हेच टाकलं आहे."

मी म्हणालो, "बोर्ड राहू दे. पण तुले कळाले पाह्यजे म्हणून आलो."

"मले कळून काय करू?" त्याने पाटी माझ्याकडे सरकवली. आवाज चढला नव्हता, पण हसूही गेलं होतं. "मी कधी अब्बाले हसलो नव्हतो. जे हसले, त्यायले सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या मांडवातले पुष्कळसे आता राहिलेले नाहीत; जे आहेत त्यांना, आणि त्यांच्या ज्या मुलाबाळांना ही गोष्ट हसत हसत सांगितली गेली असेल त्यांनाही सांगतो. माझ्या बहिणीच्या लग्नात ज्यांना बट्टी कोरडी खावी लागली, त्यांनी सत्तार मिस्त्रींना हसू नये. तो टाका त्यांचा नव्हता. तो मी घातला होता, मीच घासून लपवला होता, आणि त्याला कमी पडलेले दोन थेंब आमच्या दारावर होते. शकुताई, तूही वाच. आणि आता फोन करशील तेव्हा वरणाचं काढलंस, तर या वेळी मी हसणार नाही.